रत्नागिरीच्या सड्यावरची चिमूटभर माती

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, असे तिथली माणसे पाहुण्याला थोड्या मिश्कीलपणे सांगतात. एक मांडवीचा काळा समुद्र आणि दुसरा मिऱ्याच्या बाजूचा पांढरा समुद्र. मध्ये रत्नदुर्गाचा डोंगर पाण्यात शिरलेला. पाणी अर्थातच एकाच अरबी समुद्राचे, रंग आहे तो वाळूचा. मांडवीची चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली की काळ्याभोर, चकचकीत कणांची गर्दी दिसते. ते इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे कण होत; साधा लोहचुंबक फिरवला तरी त्यांतले काही उडी मारून त्याला चिकटतात. पांढऱ्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा अधिक. एकाच गावच्या दोन किनाऱ्यांची कुळकथा अशी वेगळी निघते, आणि ती सांगायला चिमूटभर वाळू पुरते.

सुटीत येणाऱ्या कुटुंबांच्या सामानात भिंग नसते. थिबा पॅलेस, लोकमान्यांचे जन्मस्थान, गणपतीपुळे आणि परतताना हापूसच्या पेट्या, असा रत्नागिरीचा ठरलेला कार्यक्रम असे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात एका नव्या ठिकाणाची भर पडली. ती म्हणजे सड्यावरची कातळशिल्पे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर हातभर गवत आणि रानफुले येतात, आणि फाल्गुन लागला की सारा सडा तव्यासारखा तापतो. या कातळावर जमिनीलगत कोरलेली चित्रे आहेत. गावकऱ्यांना त्यांतली काही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती; परंतु सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी २०१२ नंतर गावोगाव पायपीट करून ती शोधायला आणि नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची संख्या आणि पसारा जगाला कळला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत कोकणातील कातळशिल्पांची नऊ ठिकाणे नोंदली गेली. त्यांतली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. उरलेली दोन म्हणजे सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसमाळ.

उक्षीला कोकण रेल्वेचे स्थानक आहे, त्यामुळे तिथे जाणे सोपे. तिथला हत्ती ग्रामस्थांनी स्वतः पुढाकार घेऊन जपला आहे. कशेळीचा हत्ती पाहण्यासाठी मात्र पावस, पूर्णगड, गावखडी असा किनाऱ्याचा सुंदर रस्ता धरून राजापूर तालुक्यात जावे लागते. गावात कनकादित्याचे प्राचीन देवालय आहे आणि वर सड्यावर सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असा प्रचंड हत्ती कोरलेला आहे. त्याच्या अंगाच्या आत जलचर आणि भूचर प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृती आहेत. उभ्या माणसाला तो एका नजरेत मावत नाही. ज्याने तो कोरला त्याने इतके मोठे चित्र प्रमाणात कसे ठेवले असेल, या विचाराने माणूस काही वेळ गप्प होतो. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर असेच दृश्य असल्याने अभ्यासकांची नजर तिथे खिळते.

चित्र पाहून झाल्यावर प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो: हे किती जुने? आणि नेमके याच प्रश्नाचे पक्के उत्तर कातळाकडे नाही. काही अभ्यासक ही चित्रे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची मानतात, काही त्यांना पुष्कळ अलीकडे आणतात. दगडावर कोरलेली रेघ केव्हा कोरली हे दगड सांगत नाही. जांभा तर मुळीच सांगत नाही. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ मध्ये या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले ते विटेच्या लॅटिन शब्दावरून; खाणीत असताना तो मऊ कापला जातो आणि हवा लागली की कठीण होतो. घराच्या चिऱ्याला हा गुण उत्तम. काळ मोजण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

मग काळ सांगायचा कोणी? उत्तर अगदी साधे आहे, आणि त्यामुळेच बहुधा दुर्लक्षित राहिले आहे. काळ सांगते ती माती.

व्यापारी घराण्यांतील वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. उत्खननात सापडलेले नाणे, मूर्ती, भांडे या खतावणीतल्या ठळक नोंदी म्हणाव्यात. त्यांची सत्यता पडताळायची झाली तर रोजमेळ उघडावा लागतो, आणि पुरातत्त्वाचा रोजमेळ म्हणजे त्या वस्तूभोवतीची माती. कोणत्या दिवशी चूल पेटली, कोणत्या पावसात पाणी घरात शिरले, गोठा कुठे होता, घर ओस पडल्यावर किती वर्षे धूळ साचत गेली, या किरकोळ नोंदी मातीत क्रमाने बसलेल्या असतात. पूर्वीच्या उत्खननांत ही माती पाटीत भरून कडेला ओतली जाई. हडप्पा-मोहेंजोदडोच्या मातीचे ढीगच्या ढीग असे उपसले गेले. त्या काळी तीच रीत होती. आज ते आठवले की हळहळ वाटते.

मातीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची पद्धत रूढ केली ऑस्ट्रियन मृदाशास्त्रज्ञ वॉल्टर कुबियेना यांनी. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९३८ चा. त्यांची कल्पना अशी की माती कुस्करून चाळली तर तिच्यात काय आहे ते कळते, पण ते कसे रचले आहे हे कायमचे मोडते. म्हणून माती न मोडता उचलावी. खणलेल्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीत पत्र्याची लहान चौकट हलकेच दाबून बसवतात, भोवतीची माती सुरीने सोडवतात आणि अख्खा ठोकळा अलगद बाहेर काढतात. वरची बाजू कोणती याची खूण त्यावर करणे अत्यावश्यक. ती चुकली तर सारा हिशेब उलटा वाचला जातो. प्रयोगशाळेत ठोकळा सावकाश वाळवतात आणि निर्वात भांड्यात ठेवून त्यात पातळ राळ मुरवतात. ती घट्ट व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. मग दगडासारख्या झालेल्या त्या मातीची चकती कापून काचेवर चिकटवतात आणि घासत घासत तिची जाडी ३० मायक्रॉनवर, म्हणजे ०.०३ मिलिमीटरवर आणतात. वहीच्या कागदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी ही जाडी. अशा पापुद्र्यातून उजेड आरपार जातो. ध्रुवीभूत प्रकाशात पाहिले की एकेक खनिज आपापल्या रंगाने उठून दिसते.

ज्याची नजर तयार आहे त्याला त्या काचेवर बरेच काही दिसते. कोळशाच्या कणात लाकडाच्या पेशींची जाळी शाबूत असते. पायांनी तुडवलेली जमीन दाबून सपाट झालेली दिसते. पाण्याने आणलेला गाळ जाड कणांपासून बारीक कणांपर्यंत लावून ठेवल्यासारखा बसतो, वाऱ्याने आणलेली धूळ तशी बसत नाही. गवत आणि धान्याच्या रोपांत जमिनीतून शोषलेली सिलिका पेशींच्या आकारात घट्ट होते. रोप कुजून गेले तरी हे काचेसारखे सूक्ष्म तुकडे मागे राहतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. भाताच्या पानातला फायटोलिथ पंख्यासारखा असतो आणि तुसातल्याला दोन टोके असतात, त्यामुळे भात ओळखता येतो. पराग मात्र गवतवर्गातल्या बहुतेक वनस्पतींचे एकसारखेच दिसतात, तेव्हा भाताच्या बाबतीत परागापेक्षा फायटोलिथची साक्ष अधिक भरवशाची.

या साक्षीने मोठमोठे दावे उलटले आहेत. बीजिंगजवळच्या झौकौद्येन गुहेतील काळसर थर हा आदिमानवाच्या शेकोटीची राख आहे, असे अनेक पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते. १९९८ मध्ये त्या मातीची बारकाईने तपासणी झाली, आणि राख म्हणून गाजलेला थर पाण्याने वाहून आणलेला बारीक गाळ व कुजलेले सेंद्रिय द्रव्य निघाला. उलट दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत डोळ्यांना काहीच विशेष दिसत नव्हते. तिथल्या मातीच्या पातळ छेदांत मात्र वनस्पतींची राख आणि जळलेल्या हाडांचे कण मिळाले. त्यावरून सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी माणूस तिथे विस्तव वापरत होता, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. एका ठिकाणचा विस्तव सूक्ष्मदर्शकाने विझवला आणि दुसऱ्या ठिकाणचा पेटवला, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या घरांशी जवळचे एक उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. तुर्कस्तानातील चातालह्यूयुक या नऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घरांच्या भिंतींवर गिलाव्याचे अतिशय पातळ थर एकावर एक आढळले, काही ठिकाणी तर शेकड्याच्या हिशेबात. ते इतक्या वेळा का दिले असतील? निकोल बोइव्हिन या संशोधिकेने याचे उत्तर शोधण्यासाठी राजस्थान गाठले. उदयपूरजवळच्या बालाथल गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांचे उत्खनन चालू होते. बोइव्हिन यांनी जमिनीतल्या जुन्या घरांबरोबर गावातल्या नांदत्या घरांच्या जमिनीही तपासल्या. दिवाळीच्या आधी, घरात लग्न निघाले की, सणासुदीला बायका माती आणि शेणाने घर सारवतात. त्या प्रत्येक सारवणाचा एक पदर जमिनीत उमटतो. म्हणजे घरातल्या सणांची आणि कार्यांची मोजदाद जमिनीच्या छेदात होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात बालाथलचे सारवण आणि तुर्कस्तानचा गिलावा शेजारी शेजारी ठेवलेला आहे. ज्या सारवणाला कोणी काम म्हणूनही मोजले नाही, ते जागतिक संशोधनात प्रमाण ठरले.

महाराष्ट्रात मातीचा असा आदर करणारे उत्खनन म्हणून इनामगावचे नाव घ्यावे लागते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने हे काम केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे ते गाव. तिथल्या मातीतून वेचलेल्या जळक्या दाण्यांवरून जव, गहू, मसूर, कुळीथ ही पिके ओळखली गेली. वनस्पती-अवशेषांचे हे काम मु. दि. काजळे यांनी केले. पुढे पाऊस कमी झाला तेव्हा त्या गावाची शेती कशी खालावली आणि लोक पशुपालनाकडे कसे वळले, ही ढवळीकरांची मांडणीही अशाच बारीक पुराव्यांवर उभी आहे.

मग रत्नागिरीत हे का झाले नाही, असा प्रश्न घाटावरच्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर कोकणच्या मातीतच आहे. देशावरच्या काळ्या मातीत चुन्याचा अंश असतो, त्यामुळे हाडे टिकतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तो जांभ्यातून झिरपताना चुना धुऊन नेतो. माती आम्लधर्मी होते. अशा मातीत हाडे विरघळतात, राखेतला चुना विरघळतो, शिंपलेही झिजतात. इनामगावला घराच्या जमिनीखाली मृतांचे सांगाडे सापडले. तसाच माणूस कोकणच्या सड्यालगत पुरला असता तर आज त्याचा मागमूस राहिला नसता. सिलिकेचे फायटोलिथ आणि कोळसा मात्र या आम्लाला दाद देत नाहीत. म्हणजे कोकणात डोळ्यांना दिसणारा पुरावा जितका कमी, तितकी सूक्ष्मदर्शकाची गरज अधिक. देशावर तो उपयोगी पडतो. कोकणात त्याच्यावाचून फारसे काही हाती लागणार नाही.

अडचणीही काही थोड्या नाहीत. कोकणातला शेतकरी पेरणीपूर्वी भाजावळ करतो. कवळ, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर तरव्यावर रचून पेटवतो. शतकानुशतके हे चालत आल्याने शेताच्या मातीत कोळसा सर्वत्र विखुरलेला आहे. एखाद्या थरात कोळसा दिसला की तिथे आदिमानवाची चूल होती, असे कोकणात तरी म्हणता येत नाही. वाळवी आणि खेकडे वरची माती खाली आणि खालची वर करीत असतात. बागाईतदार कातळात सुरुंग लावून आंब्यासाठी खड्डे घेतात आणि दुसरीकडून आणलेल्या मातीने ते भरतात. त्या मातीत एखादे खापर निघाले तर ते कोणत्या गावचे हे कोणी सांगावे? आणखी एक बाब. मातीतल्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला हे मोजण्याची एक आधुनिक पद्धत आहे. तिला प्रामुख्याने गारेचे म्हणजे क्वार्ट्‌झचे कण लागतात. सह्याद्रीचा काळा दगड आणि त्यातून झालेला जांभा यांत गार अगदीच कमी. इतर प्रांतांत सहज होणारे काम इथे कष्टाने करावे लागते.

कातळशिल्पांच्या बाबतीत तर माती आणखीच दुर्मीळ. कोरीव रेघेत बसलेली माती चित्र स्वच्छ करताना झाडूने निघून जाते, आणि राहिली असती तरी दर पावसाळ्यात ती बदलणारच. म्हणून पुरावा चित्रात शोधण्यापेक्षा चित्राच्या शेजारी शोधावा लागतो: सड्यावरच्या खोलगट जागेत, जुन्या पाणवठ्याच्या तळाशी, कड्याखालच्या गुहेत, जिथे गाळ साचला आणि हलला नाही. सिंधुदुर्गातील कोळोशीच्या गुहेत असे उत्खनन झाले आणि तिथे दगडाची सूक्ष्म हत्यारे मिळाली. सड्यावर चित्रे कोरणारा माणूस कुठे राहत होता, या प्रश्नाचा माग अशाच ठिकाणी लागू शकेल. ज्या सड्यांवर गेंड्यासारखा प्राणी कोरलेला दिसतो तिथे पूर्वी दलदल आणि उंच गवत होते काय, हे त्या गाळातले पराग आणि फायटोलिथच सांगू शकतात.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसले म्हणजे वाद मिटला, असे मात्र कोणी समजू नये. जुन्नरकडे कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेचे अणकुचीदार कण स्पष्ट दिसतात, तेव्हा ती राख आहे याविषयी दुमत नाही. पण केव्हाची? १९८९ मध्ये तिचे वय सुमारे चौदा लाख वर्षे सांगितले गेले. पुढे रासायनिक तुलनेवरून ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे, असे इतरांनी दाखवले. त्याच थराजवळ दगडी हत्यारे असल्याने महाराष्ट्रात माणूस केव्हापासून आहे, हा सारा हिशेब त्यावर अवलंबून होता. चौदा लाख कुठे आणि ७४ हजार कुठे! ताळेबंदात इतकी तफावत आली तर लेखापरीक्षक सही करणार नाही. संशोधनात मात्र अशी तफावत उघड मांडली जाते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे चर्चा होते, हे त्या क्षेत्राच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

रत्नागिरीच्या मातीत काय काय दडले आहे याची एक झलक १८८० च्या जुन्या गॅझेटियरमध्येही मिळते. गावाभोवती विहिरी खणताना जांभ्याचा थर भेदून खाली गेले की निळसर-पांढरी चिकणमाती आणि तीत काळे पडलेले लाकूड व पानांचे अवशेष लागतात, अशी नोंद आहे. हे थर माणसाच्या कितीतरी आधीचे, लक्षावधी वर्षांपूर्वीचे. त्या काळी किनाऱ्यावर कोणती झाडे होती हे अशा चिकणमातीतले पराग सांगतात, कारण पाण्याखाली हवा न लागलेल्या मातीत पराग कुजत नाहीत. विहीर खणणाऱ्या पाथरवटांना हे काळे लाकूड ठाऊक होते. त्यांना ते विचारणारा एक अधिकारी भेटला म्हणून ते छापले गेले.

आज विहिरी खणण्याऐवजी यंत्राने जमीन सपाट केली जाते. चिरेखाणीत सडा थरथराने कापला जातो. बागांसाठी, बंगल्यांसाठी, रस्त्यांसाठी यंत्राचा फावडा एका दिवसात जेवढी माती हलवतो तेवढी उत्खननकर्ता दहा हंगामांत हलवत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूचे नाव रोज वर्तमानपत्रांत येत होते ते तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणामुळे आणि त्याला झालेल्या ग्रामस्थांच्या विरोधामुळे. त्या वादात इथे शिरण्याचे कारण नाही. तरी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ते माती परीक्षण जमीन किती भार सोसेल हे पाहण्यासाठी होते. त्याच सड्यावर, दोन वाघांमधल्या माणसापासून फार दूर नसलेल्या जमिनीत, आणखी एका प्रकारच्या माती परीक्षणाची गरज आहे, ही गोष्ट त्या गदारोळात फार थोड्यांच्या ध्यानी आली.

मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूरकडच्या अनेक व्यापारी कुटुंबांनी अलीकडे कोकणात बागेसाठी किंवा घरासाठी जागा घेतल्या आहेत. पाया खणताना एखाद्या ठिकाणी काळसर पट्टा, भाजकी लाल माती, खापरे किंवा गारेच्या लहान धारदार चिपा लागल्या तर तेवढा कोपरा न खणता ठेवावा, खड्ड्याच्या उभ्या भिंतीचे मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या रत्नागिरी विभागाला कळवावे. जागा जाईल अशी भीती पुष्कळांना वाटते. त्यापायी रातोरात खड्डा बुजवला जातो. कायद्याची गंमत अशी की १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर ती कळवावी लागते. मातीची किंमत दहा पैसेही धरली जात नाही. ती जपायची ती जमीनमालकाने स्वतःच्या मनाने.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने या जिल्ह्यातील सर्वांत मोलाची माती बहुधा सड्यावर नसून दाभोळला असावी. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर बहामनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानातून परतताना इथूनच जहाजात बसून होर्मुझला गेला, आणि अरबस्तान व खुरासानातून इथे घोडे उतरवले जात असल्याचे त्याने लिहून ठेवले. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा याने या शहरावर हल्ला करून ते जाळले. पुढे ते पुन्हा वसले. इथली देखणी जुनी मशीद आजही धक्क्याजवळ उभी आहे. पण जळालेल्या त्या शहराच्या वखारींत काय भरले होते, घोडे कुठे बांधले जात, त्यांना कोणता चारा मिळे, दुकानांच्या जमिनी सारवलेल्या होत्या की चुन्याच्या, हे कोणत्याही बखरीत मिळणार नाही. कोळसा झालेले धान्य कुजत नाही. घोड्याच्या लिदीतले गवताचे फायटोलिथ आम्लाने विरघळत नाहीत. जिथे चुन्याचे बांधकाम किंवा शिंपल्यांचे ढीग आहेत तिथे तर हाडेही टिकण्याचा संभव आहे. आजच्या घरांखाली आणि माडांच्या मुळांखाली तो १५०८ चा काळा थर कुठेतरी असणार.

दाभोळला जायचे तर गुहागरच्या बाजूने धोपाव्याला यावे आणि फेरीबोटीने खाडी ओलांडावी. गाडीसुद्धा बोटीत चढते. पुढे दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत, म. न. देशपांडे यांनी १९८६ च्या ग्रंथात त्यांचा सविस्तर परिचय करून दिला आहे. सडे पाहायचे तर मार्गशीर्ष ते माघ हा काळ बरा. कातळावर सावली नाही, पाणी नाही; दोन्हीची सोय बरोबर ठेवावी, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर जावे. तिरप्या उन्हात कोरलेल्या रेघा नीट दिसतात. चित्रावर पाय देऊ नये हे बहुतेकांना सांगावे लागत नाही. रेघेत साचलेली माती काडीने उकरून काढण्याचा मोह मात्र मुलांना होतो, आणि पुष्कळदा मोठ्यांनाही.